पंखात भरलेले पेट्रोल

जुन्या स्कूटरचे पेट्रोल संपत आले, की घरातली वडील माणसे काय करतात ते तुम्ही पाहिले असेल. स्कूटर एका बाजूला चांगली कलती करतात, दोनचार वेळा हलवतात आणि पुन्हा किक मारतात. टाकीच्या कोपऱ्यात दडून बसलेले घोटभर पेट्रोल नळीच्या तोंडाशी येते, इंजिन फुरफुरते आणि स्वारी कशीबशी पंपापर्यंत पोहोचते. आता अशी कल्पना करा, की हीच वेळ जमिनीपासून हजार मीटर उंचीवर आली आहे. टाकीत पेट्रोल आहे, पण ते भलत्याच कोपऱ्यात आहे. अशा वेळी विमान हलवून किक मारता येत नाही.

म्हणूनच विमानाची इंधनटाकी म्हणजे पत्र्याचा डबा आणि त्याला एक नळी, एवढे सोपे प्रकरण नाही. एक किंवा दोन माणसांची छोटी विमाने स्वतःच्या हाताने, घराच्या आवारात किंवा मोटारीच्या गॅरेजमध्ये बांधणारे हौशी लोक जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' या एकाच कंपनीच्या आराखड्यांवरून व सुट्या भागांवरून अशी दहा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली आणि उडाली. हे लोक इंजिन विकत आणतात, चाके व उपकरणेही विकत आणतात. पण टाकी मात्र बहुधा स्वतःच जुळवतात. कारण तिचा आकार पंखाच्या आकाराशी तंतोतंत जमावा लागतो. कधी कधी तयार विमानालाही लांबच्या प्रवासासाठी जादा टाकी बसवावी लागते. या मंडळींना कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो, ते आज पाहू.

आधी वजनाचा हिशेब

समजा, आपल्या विमानाचे इंजिन तासाला ३० लिटर पेट्रोल पिते आणि आपल्याला पाच तास उडावयाचे आहे. म्हणजे १५० लिटर झाले. वाटेत ढग आडवे आले, उतरण्याची जागा बदलावी लागली, तर जवळ एक तासाचे जादा पेट्रोल हवे. एकूण १८० लिटर. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. विमानात वापरतात ते पेट्रोल लिटरला सुमारे ०.७२ किलोग्रॅम भरते. १८० ला ०.७२ ने गुणा. जवळजवळ १३० किलोग्रॅम! म्हणजे दोन मोठी माणसे विमानात बसली, की आणखी दोन माणसांचे वजन पेट्रोलच्या रूपाने चढलेच म्हणा.

शिवाय हे प्रवासी वाटेतच उतरून जातात. उड्डाणाच्या वेळी १३० किलोग्रॅम असलेले पेट्रोल पाच तासांनी विशीवर येते. हे का महत्त्वाचे आहे? एक पट्टी बोटावर तोलून धरा. ती जेथे तोलली जाते तो तिचा गुरुत्वमध्य. आता पट्टीच्या टोकावर एक खोडरबर ठेवा. तोल गेला. तेच खोडरबर बरोबर बोटाच्या वर ठेवा. ठेवा की काढा, पट्टी जागची हलत नाही. विमानाचेही असेच आहे. टाकी शेपटीत ठेवली, तर भरलेल्या टाकीने शेपूट जड होऊन नाक वर जाईल, आणि टाकी रिकामी होत जाईल तसतसे नाक खाली झुकेल. म्हणून टाकी गुरुत्वमध्याच्या शक्य तितकी जवळ ठेवतात.

चार्ल्स लिंडबर्गचे 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' हे विमान या नियमाचे नामांकित उदाहरण आहे. २० मे १९२७ रोजी न्यूयॉर्कहून निघून साडेतेहतीस तासांनी तो एकटाच पॅरिसला उतरला. मध्ये सगळा अटलांटिक महासागर! सॅन डिएगो येथील रायन कंपनीत डोनल्ड हॉल या अभियंत्याने हे विमान त्याच्यासाठी मुद्दाम आखले होते. त्यात सुमारे १,७०० लिटर पेट्रोल मावत असे. उड्डाणाच्या वेळी विमानाचे एकूण वजन सुमारे २,३८० किलोग्रॅम होते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक वजन निव्वळ पेट्रोलचे होते. टाक्या पाच होत्या. तीन पंखांत, दोन धडात. सर्वांत मोठी टाकी गुरुत्वमध्यापाशी, म्हणजे इंजिन आणि वैमानिक यांच्या मध्ये बसवली होती. ती वैमानिकाच्या पाठीमागे असती आणि विमान आदळले असते, तर बिचारा इंजिन आणि टाकी यांच्या मध्ये चिरडला गेला असता. लिंडबर्गने तो धोका नको म्हणून टाकी पुढे घेतली आणि त्याची किंमतही मोजली. समोर टाकी आल्यामुळे त्याला पुढचे काहीच दिसत नसे! बाजूच्या खिडकीतून डोकावून आणि आरशांच्या एका छोट्या नळीतून पाहून त्याने विमान हाकले. वजन वाचवण्यासाठी त्याने पेट्रोल दाखवणारे मापकही बसवले नव्हते. तासातासाने तो टाकी बदलत असे आणि समोरच्या फळीवर पेन्सिलीने रेघा ओढून हिशेब ठेवत असे.

उलटी कावड

आजच्या बहुतेक छोट्या विमानांत टाक्या पंखांत असतात. तेथे मोकळी जागा असते, पंख गुरुत्वमध्याजवळ असतात आणि प्रवाशांपासून पेट्रोल थोडे दूर राहते. याशिवाय एक चौथे कारण आहे, आणि मला ते सर्वांत गमतीचे वाटते.

कावड पाहिली आहे ना? बांबूच्या दोन टोकांना भार, आणि मध्ये खांद्याचा आधार. टोके खाली वाकतात. उडत्या विमानाचे पंख म्हणजे उलटी कावड आहे. येथे हवा पंखांना सर्व लांबीभर वर ढकलते आणि मध्ये धडाचे वजन खाली ओढते. त्यामुळे पंख वरच्या बाजूला वाकू पाहतात, आणि सर्वांत जास्त ताण येतो तो पंख धडाला जोडलेला असतो तेथे. आता पेट्रोल पंखातच ठेवले, तर हवा जेथे वर ढकलते तेथेच पेट्रोल खाली दाबते. दोघांची तेथल्या तेथे बरीच फिट्टंफाट होते आणि सांध्यावरचा ताण कमी होतो. तेवढेच पेट्रोल धडात ठेवले असते, तर पंख अधिक जाडजूड व जड करावे लागले असते.

पण हे झाले हवेत. जमिनीवर हवेचा आधार नसतो, तेथे भरलेले पंख खरोखरीच्या कावडीसारखे खाली वाकतात. १४ डिसेंबर १९८६ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावरून 'व्हॉयेजर' हे विमान न थांबता आणि वाटेत पेट्रोल न घेता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा असेच झाले. बर्ट रुटान याने आखलेल्या या विमानात इंधनाच्या १७ टाक्या होत्या. एकूण सुमारे ४,४०० किलोग्रॅम वजनापैकी जवळजवळ ३,२०० किलोग्रॅम पेट्रोलच होते. धावपट्टीवर वेग घेताना लांबलचक पंखांची टोके खाली झुकून जमिनीवर घासली आणि झिजून गेली. पुढे पंखांना हवेची उचल मिळाली आणि ते वर उचलले गेले, तेव्हा सुमारे सव्वाचार किलोमीटर धावपट्टी संपली होती. डिक रुटान आणि जिना येगर हे दोन वैमानिक नऊ दिवसांनी परत उतरले, तेव्हा टाक्यांत अवघे पन्नास किलोग्रॅमच्या आत पेट्रोल उरले होते. नऊही दिवस त्यांच्यामागे एक काम सारखे लागलेले होते. पंप आणि तोट्या वापरून या टाकीतले पेट्रोल त्या टाकीत घ्यावयाचे आणि विमानाचा तोल सांभाळावयाचा. अगदी शेवटच्या टप्प्यात इंजिनाकडे पेट्रोल येईनासे झाले, चालू इंजिन बंद पडले आणि दुसरे इंजिन सुरू होईपर्यंत विमान तसेच खाली घसरत राहिले. पेट्रोल होते, पण ते इंजिनापर्यंत पोहोचत नव्हते!

डचमळणारी घागर

अर्धी भरलेली घागर डोक्यावरून नेताना पाणी डचमळते. काठोकाठ भरलेली घागर एवढा त्रास देत नाही. म्हणून काही ठिकाणी बायका घागरीतल्या पाण्यावर झाडाची पानांची डहाळी टाकतात. पानांमुळे लाटेचा जोर मोडतो. विमानाच्या टाकीत हे काम धातूच्या आडव्या पडद्यांकडे असते. लांब टाकीचे त्यांच्यामुळे चारपाच कप्पे पडतात. पडद्यांना भोके असतात, आणि खालचे व वरचे कोपरे कापलेले असतात. खालून पेट्रोल सावकाश पुढे जाते, वरून हवा जाते, पण लाट मात्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धावू शकत नाही.

येथे तुम्हाला वाटेल, की विमान वळताना कलते, तेव्हा सगळे पेट्रोल खालच्या पंखाच्या टोकाला धावत असेल. तसे होत नाही. पाण्याची बादली हाताने गोल फिरवली, तर बादली आडवी झाली तरी पाणी तळाशीच चिकटून राहते. नीट घेतलेल्या वळणात पेट्रोलही असेच टाकीच्या तळाशी दाबलेले राहते. वैमानिकाने वळण ओबडधोबड घेतले, विमान आडवे घसरले, तर मात्र पेट्रोल एका बाजूला पळते. टाकीत थोडेच पेट्रोल असेल, तर नळीचे तोंड उघडे पडते आणि इंजिनाकडे हवा जाते. काही कारागीर म्हणून धडाजवळच्या पडद्याला एक छोटी झडप लावतात. हातपंपातील चामड्याच्या झडपेप्रमाणे ती पेट्रोलला आत येऊ देते, परत जाऊ देत नाही.

टाकीला श्वास हवा

गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून पाहा. भकभक असा आवाज करीत तेल अडखळत पडते. दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक पाडले, की धार सरळ लागते. बाहेर गेलेल्या तेलाची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. विमानाच्या टाकीलाही यासाठी हवानळी असते. ही नळी बंद झाली, तर प्रथम पेट्रोलची धार मंदावते आणि मग बाहेरच्या हवेच्या दाबाने टाकी आत दबू लागते. नळी बंद कशाने होईल? थंड हवेत बर्फाने. आणि दुसरा गुन्हेगार आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. खिडकीच्या कोपऱ्यात, विजेच्या बटणाच्या भोकात मातीचे घर बांधणारी कुंभारमाशी! चार दिवस उभ्या असलेल्या विमानाची हवानळी तिला फार पसंत पडते. म्हणून नळीच्या तोंडाला जाळी लावतात आणि उड्डाणापूर्वी वैमानिक वाकून ती तपासतो.

टाकी काठोकाठ कधीच भरू देत नाहीत. १०० लिटर पेट्रोल २० अंश सेल्सिअसने तापले, की फुगून सुमारे १०२ लिटर होते. सकाळी गारव्यात भरलेले विमान दुपारी उन्हात उभे राहिले, तर हे दोन लिटर जाणार कोठे? अमेरिकेतील नियमांत टाकीच्या आकारमानाच्या निदान दोन टक्के जागा यासाठी मोकळी ठेवावी असे सांगितले होते, आणि पेट्रोल भरण्याचे तोंड असे बसवावयाचे, की ही जागा चुकूनही भरता येऊ नये.

काळा चिकटा आणि साबणाचे बुडबुडे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. टाकी बनवण्याच्या तीनचार रीती आहेत. ॲल्युमिनियमचे पत्रे वितळजोड देऊन डबा करता येतो. पण विमान सतत थरथरते आणि जोडाच्या कडेला पुढे बारीक चिरा पडू शकतात. रबरी पिशवी पंखात बसवता येते. तिला सुरकुत्या पडल्या, तर सुरकुत्यांमागे पाणी साचून राहते. काही जण काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी राळ यांची टाकी करतात. तिच्या भिंतीत फेसासारखा हलका पदार्थ भरतात. तो निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण थर्माकोल ज्या जातीचा पदार्थ आहे तो पेट्रोलमध्ये विरघळून जातो. हा प्रयोग घरी करू नका. पेट्रोलची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते.

धातूच्या पंखांत सर्वांत अधिक वापरली जाते ती रीत म्हणजे पंखाच्या पुढच्या गोलसर भागाचीच टाकी करणे. पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत. हा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. आतल्या फासळ्या हेच डचमळ अडवणारे पडदे. सगळे रिव्हेटांनी जोडलेले. म्हणजे टाकीला शेकडो भोके पाडावयाची, शेकडो रिव्हेट ठोकावयाचे आणि शेवटी तिच्यातून थेंबही गळता कामा नये! यासाठी गंधकयुक्त रबराचा एक दाट लगदा वापरतात. त्याचे दोन भाग असतात. वजन करून दहास एक या प्रमाणात मिसळले, की तो हळूहळू घट्ट होऊ लागतो. तो घट्ट होण्याच्या आत प्रत्येक सांध्याला, प्रत्येक रिव्हेटला तो फासावयाचा. त्याला उग्र वास असतो आणि तो हातमोजे, कपडे, केस, दाराची मूठ, जे सापडेल त्याला चिकटतो. टाकीचे काम करणाऱ्या माणसाला घरात कोणी लवकर शिरू देत नाही म्हणतात. पण त्याहून कंटाळवाणे काम आधीचे असते. पत्रा घासून, पुसून इतका स्वच्छ करावा लागतो, की बोटाचा तेलकट ठसाही राहू नये. जेथे ठसा राहिला तेथे लगदा नीट धरत नाही आणि वर्षदोन वर्षांनी नेमकी तेथूनच टाकी पाझरते.

टाकी तयार झाली, की ती गळते की नाही हे पाहावयाचे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर पाण्यात बुडवून काढतात, पण पंखाएवढी टाकी बुडवणार कशात? म्हणून टाकीची सगळी तोंडे बंद करून एका नळीला फुगा बांधतात, थोडी हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फासतात. जेथे बुडबुडा फुगला तेथे गळती. फुग्याऐवजी पाणी भरलेली वाकडी पारदर्शक नळी लावली तर आणखी चांगले. नळीच्या दोन बाजूंतील पाण्याच्या उंचीत ७० सेंटिमीटर फरक पडला, की टाकीतला जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.०७ किलोग्रॅम झाला. हा आकडा किरकोळ वाटतो ना? हिशेब करा. टाकीचा ५० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर रुंद असा तुकडा घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ २,५०० चौरस सेंटिमीटर. त्यावरील एकूण दाब १७५ किलोग्रॅम! आणि पत्रा मिलिमीटरभरही जाड नाही. मोटारीच्या चाकात हवा भरणारे यंत्र जोडले, तर टाकी क्षणात फुगून वाकडी होईल. फुग्याचा हाच फायदा आहे. फार हवा भरली, तर आधी फुगा फुटतो.

या चाचणीत एक फसवणूक आहे. संध्याकाळी फुगा टम्म बांधला आणि सकाळी तो लुळा पडलेला दिसला. गळती झाली? कदाचित नाही. बंद डब्यातील हवा एका अंशाने थंड झाली, तर तिचा दाब सुमारे तीनशेव्या भागाने कमी होतो. हवेचा नेहमीचा दाब म्हणजे सुमारे १० मीटर पाण्याची उंची. तिचा तीनशेवा भाग साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे रात्री हवा दहा अंशांनी गार झाली, की गळती नसतानाही नळीतले पाणी ३० सेंटिमीटरहून अधिक उतरलेले दिसेल. म्हणून चाचणी करणारा जवळच तापमापक टांगून ठेवतो, आणि मगच टाकीला दोष देतो.

तळाशी बसलेला पाहुणा

टाकीत पेट्रोल भरले, तरी पाणी शिरतेच. पावसाचे शिरते, रिकाम्या जागेतील दमट हवेचेही रात्री दव होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि नेमकी तेथेच इंजिनाकडे जाणारी नळी असते! म्हणून नळीचे तोंड तळापासून थोडे वर ठेवतात आणि सर्वांत खोल जागी निचऱ्याची तोटी बसवतात. रोज पहिल्या उड्डाणापूर्वी वैमानिक तेथून पेलाभर पेट्रोल काढून उजेडात पाहतो. विमानाचे नेहमीचे पेट्रोल निळसर रंगवलेले असते. तळाशी बिनरंगाचा थर दिसला, की ते पाणी. पेलाभर सगळेच बिनरंगाचे निघाले, तर खुश होऊ नका, ते सगळेच पाणी असू शकते.

आपल्याकडच्या पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. मोटारींना ते चालते. पण इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाणी फार झाले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. काही राळा आणि काही रबरेही त्याने मऊ पडतात. म्हणून स्वस्त मिळते म्हणून कोणतेही पेट्रोल विमानाच्या टाकीत ओतत नाहीत. टाकी कशाने सांधली आहे ते आधी पाहतात.

नळीच्या तोंडावर जाळी असते. ती मुद्दाम जाडीभरडी ठेवतात, सेंटिमीटरला तीन ते सहा तारांची. बारीक जाळी अधिक चांगली असे वाटेल, पण ती कचऱ्याने चटकन बुजते आणि इंजिन उपाशी मरते. बारीक गाळणी पुढे, हाताशी येईल अशा जागी लावतात.

दोन नळ्यांचा प्रयोग

पंख धडाच्या वर असतील, तर गच्चीवरच्या टाकीतून पाणी यावे तसे पेट्रोल आपोआप इंजिनाकडे उतरते. पंख खाली असतील तर ते ओढून घ्यावे लागते आणि त्यासाठी पंप लागतो. एक इंजिनावर चालणारा, आणि तो बंद पडला तर दुसरा विजेवरचा. येथे एक अडचण आहे. सरबत पिण्याच्या दोन नळ्या तोंडात धरा. एक पेल्यात बुडवा, दुसरी बाहेर मोकळी ठेवा आणि ओढा. सरबत येत नाही, नुसती हवा येते! खालच्या पंखांच्या विमानात दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि एक आधी संपली, तर पंपाचेही असेच होईल. म्हणून अशा विमानात एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल घेतात. वैमानिक ठराविक वेळाने एक तोटी फिरवतो, डावी टाकी किंवा उजवी टाकी.

ही साधी तोटी कोठे बसवावयाची? १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॉन्टेरे उपसागराच्या काठाशी 'लाँग-ईझी' जातीचे एक छोटे विमान समुद्रात कोसळले. हातबांधणीच्या या विमानात त्या देशाचे लोकप्रिय गायक जॉन डेन्व्हर एकटेच होते. ते अनुभवी वैमानिक होते, पण हे विमान त्यांनी नुकतेच घेतले होते. ते दुसऱ्या कोणी तरी बांधलेले होते. मूळ आराखड्यात टाकी बदलण्याची तोटी वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, समोर होती. बांधणाऱ्याने ती तेथून हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली. पेट्रोलच्या नळ्या बैठकीत नकोत, हा त्याचा हेतू चांगलाच होता. पण तोटीवर कोणती बाजू कशाची याची खूण नव्हती. पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या काचाही पाठीमागे होत्या आणि त्यांवर आकडे नव्हते. तोटी फिरवायची तर पट्टा बांधलेल्या माणसाने पूर्ण मागे वळून उजवा हात डाव्या खांद्यामागे न्यावयाचा. उड्डाणापूर्वी डेन्व्हर आणि तेथील तंत्रज्ञ यांनी तोटीला पकड लावून दांडा लांब करता येतो का हेही पाहिले होते. ते जमले नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. माणूस असा मागे वळला, की तोल सांभाळण्यासाठी त्याचा उजवा पाय नकळत पुढे दाबला जातो, आणि त्या पायाखाली सुकाणूचे पायटे असते. पेट्रोल बदलण्याच्या प्रयत्नात विमान ताब्यातून सुटले, असा निष्कर्ष मंडळाने काढला. तोटीची अवघड जागा, खुणा नसलेली मापके, उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी आणि या नव्या विमानाचे अपुरे शिक्षण, या साऱ्यांचा त्यात वाटा होता असेही सांगितले.  तोटीपर्यंत हात सहज पोहोचत नव्हता.

कारखान्यात तयार झालेल्या विमानात म्हणूनच कोणालाही मनाप्रमाणे टाकी बसवता येत नाही. आपल्याकडे त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. लांबच्या समुद्रापलीकडे छोटे विमान पोहोचवावयाचे असते तेव्हा मागची आसने काढून जादा टाकी ठेवतात. ती नुसती ठेवून चालत नाही. ३०० लिटरची टाकी २१६ किलोग्रॅमची झाली. विमान आदळले, तर ती नऊपट जोराने पुढे येईल असे धरूनही हिशेब करतात. म्हणजे जवळजवळ दोन टनांचा धक्का सहन करतील असे पट्टे आणि बोल्ट हवेत, कारण तिच्या पुढे वैमानिक बसलेला असतो.

जादा टाकीची सर्वांत विलक्षण करामत मात्र पोटाखालच्या टाकीने केली आहे. ४ डिसेंबर १९५८ रोजी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघे लास व्हेगासहून एका चार आसनी सेसना १७२ विमानातून उडाले आणि ७ फेब्रुवारी १९५९ रोजी उतरले. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटे ते हवेत होते! त्यांनी विमानाच्या पोटाखाली सुमारे ३६० लिटरची टाकी बसवून घेतली होती. रोज ठराविक वेळी सरळ रस्त्यावरून एक ट्रक धावे, त्याच्यावर विमान अगदी खाली येऊन त्याच वेगाने उडे आणि ट्रकमधून नळी वर ओढून घेऊन ही टाकी भरली जाई. मग विजेच्या पंपाने पेट्रोल पंखांतील टाक्यांत चढवावयाचे. पुढे विजेचे यंत्र बिघडले, तेव्हा त्यांनी हातपंपाने पेट्रोल चढवले. ते गुपचूप उतरून विश्रांती घेत नाहीत ना, याची खात्री व्हावी म्हणून सुरुवातीलाच धावत्या मोटारीतून विमानाच्या चाकांना पांढरा रंग फासला होता. चाके जमिनीला टेकली असती, तर रंग खरवडला गेला असता. ते विमान आजही लास व्हेगासच्या विमानतळावर टांगलेले पाहावयास मिळते.

शेवटची चाचणी

टाकी पंखात बसली, नळ्या जोडल्या, तोटी हाताशी आली. आता रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर मोजून ओतावयाचे आणि प्रत्येक वेळी मापकाचा काटा कोठे थांबतो तेथे खूण करावयाची. शेपटीला चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून उभे असते आणि हवेत सपाट होते, म्हणून या खुणा दोनदा कराव्या लागतात. ज्या पेट्रोलपर्यंत नळी पोहोचूच शकत नाही, ते हिशेबात धरीत नाहीत. मापकाचे शून्य त्याच्या वर असते.

मग उरते ते धार मोजणे. इंजिनाला सर्वांत जास्त भूक लागते ती उड्डाणाच्या वेळी, आणि त्याच वेळी विमानाचे नाक सर्वांत वर असते. म्हणून शेपूट खड्ड्यात उतरवून किंवा पुढची चाके ठोकळ्यांवर चढवून विमानाला तेवढेच कलते करतात. टाकीत थोडेसेच पेट्रोल ठेवतात. पेट्रोल आपोआप उतरत असेल, तर ते इंजिनाच्या त्या वेळच्या गरजेच्या दीडपट यावे, पंपाने येत असेल तर सव्वापट, असे मान्य प्रमाण आहे. आपले इंजिन उड्डाणाच्या वेळी तासाला ४० लिटर पिते असे धरा. दीडपट म्हणजे ६० लिटर, म्हणजे मिनिटाला बरोबर एक लिटर. इंजिनाजवळची नळी सोडवून तिच्याखाली लिटरचे माप धरतात, जवळपास ठिणगी पडेल असे काही ठेवीत नाहीत आणि घड्याळ लावतात. साठ सेकंदांच्या आत माप भरले तर नळी पुन्हा जोडतात. सत्तर लागले, तर नळ्या, जाळी, तोटी आणि हवानळी एकामागून एक सोडवून पाहण्यास सुरुवात करतात.